पितृपक्षातले कुटार

गाईच्या श्वासातही ज्याचा वास आहे, त्या श्रीहरीला वंदन करून, आज वसुबारसेच्या सकाळी गतवर्षीची ही आठवण लिहावयास बसलो आहे.

त्या वर्षी आमच्या समुद्रपूर तालुक्यात वैरण मिळेनाशी झाली. रानडुकरांना कंटाळून लोकांनी ज्वारी सोडलेली, त्यामुळे कडबा दुर्मीळ. उरले होते सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. ते अवेळी आलेल्या पावसाने शेताशेतांत सडले. पौष सरेपर्यंत माझी गव्हाण रिकामी झाली. गाय गाभण, आठवा महिना लागलेला. मुलगा म्हणाला, "बाबा, बाजारात नेऊन विकून टाकू." मी वैरणीच्या शोधात एसटीने सिंदीपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतलो.

गावात एकाच घरी कडब्याची गंजी उभी होती. त्या घरी मी वर्षानुवर्षे सत्यनारायण सांगितला, तरी तिकडे पाऊल उचलत नव्हते. कारण सांगितलेच पाहिजे. पितृपक्षात त्या घरच्या गृहस्थाने मला विचारले होते, "महाराज, कुटार घरी आनू का?" पंचांग उघडून मी म्हणालो होतो, "घटस्थापनेनंतर आणा. या दिवसांत नवी वैरण गोठ्यात भरू नये." त्याने ऐकले. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि त्याचा ढीग काळा पडला.

मी गेलो तेव्हा तो गंजीवरून पेंड्या खाली टाकत होता. बसा म्हणाला नाही.

"काऊन आले, महाराज?"

"भाऊ, गाईसाठी दहा पेंड्या मिळाल्या तर..."

"तिथी पाहून निंगाले ना? नाईतर माया कडब्याले दोष लागन!"

ओसरीवरची माणसे खदखदून हसली. माझी कानशिले तापली. "मी शास्त्र सांगितले होते," मी म्हणालो.

"मंग शास्त्रच टाका गव्हानीत! खाते का पाहा तुमची गाय."

शाप ओठापर्यंत आला होता. लिहिताना लाज वाटते, पण खोटे कसे लिहू? मग सकाळी गाय रिकाम्या गव्हाणीचे लाकूड चाटत होती, ते डोळ्यांपुढे आले. त्या चार माणसांदेखत मी हात जोडले. "माझे चुकले. ढीग निदान ताडपत्रीने झाका, एवढे तरी सांगायला हवे होते. मी पोथीत पाहिले, आभाळाकडे पाहिले नाही."

हसणे थांबले; त्याचा चेहरा मात्र सैल झाला नाही.

"तुम्हाले एक पेंडी देनार नाई. गाय इथं आनून बांधा. तिनं काई माहं बिघडवलं नाई, तिले चारा टाकीन. पन तुम्ही माया गोठ्यात पाय ठेवाचा नाई. अन् पूजेले बी येऊ नका आता."

दुपारी मी तिला घेऊन गेलो. दावे त्याच्या हाती दिले. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती मागे वळून हंबरली, तेव्हा मी फाटकाबाहेर उभा होतो. ती तिथेच व्याली. वासरू पांढरे आहे की तांबडे, हेही मला मुलाकडून कळले. आषाढात बांधावर गवत उगवल्यावर मुलगाच गाय-वासराला घरी घेऊन आला. त्या घरचा सत्यनारायण आता दुसरे कोणी सांगतात. रस्त्यात भेट झाली तर तो गृहस्थ मान फिरवतो, आणि मी मनातल्या मनात त्याच्या गोठ्याचे कल्याण चिंतितो. रोज साधते असे नाही.

वाचकहो, तुमच्या दावणीला भरपूर चारा असो, घरातल्या लेकराबाळांना दूध पुरो, आणि चूक कबूल करण्याची वेळ आली तर तुमची वाणी अडखळू नये, ही त्या दयाघनापाशी प्रार्थना.