वळूचं फाटक

आर्डिस हॉगन मिनेसोटातल्या गुरंढोरं पाळणाऱ्या घरातली. शेणानं भरलेले बूट घालून वाढलेली पोर पुढं कॉलेजात प्रोफेसर झाली, तीही कवितेची. तिच्या वर्गाचा एकच नेम: ज्याची कविता, त्यानं तोंडाला कुलूप लावायचं. बाकीचे ती चिवडणार, सोलणार, अर्थावरून भांडणार. कवीनं हूं की चूं करायचं नाही. सारी हयात हा नेम तिनं पाळला आणि पोरांकडून पाळून घेतला.

तिला नोकरीत कायम केलं ते एका कवितेनं. बापाला वळूनं तुडवून मारलं, त्याची ती कविता. तीत धाकटा भाऊ वर्लिन फाटक उघडं टाकून जातो. कविता गाजली, बक्षीस मिळालं. वर्लिन अवाक्षर बोलला नाही. तो कशाला कविता वाचतोय, असं धरून ती चालली. नाताळाला त्याचं कार्ड यायचं, खाली नुसती सही.

नोकरी संपल्यावर गावच्या चर्चनं तिला कविता वाचायला बोलावलं. तळघरात जेवणं झाली, पातळ कॉफी फिरली. "तीच वाच, वळूची," म्हणून लोक हटून बसले. तिनं वाचली.

"पर त्या फाटकाची कडी तर मोडकीच व्हती," शेजारची मर्ना म्हातारी म्हणाली.

"मोडकी कशी? तुज्या बापानं मोडली व्हय?" तिचा नवरा खेकसला.

झालं, जुंपली सगळ्यांची. तेवढ्यात मागं उभा असलेला वर्लिन टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "आर्डिस, म्या फाटक लावलं व्हतं का न्हवतं?"

आर्डिसनं मान खाली घातली, कप दोन्ही हातांत धरला आणि वर्गात बसायची तशी ऐकत बसली.

"अगं बोल की! कवाधरनं इचारायचं म्हनतोय. प्रोफेसरीणबाई, दातखीळ बसली का?"

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, हा वर्ग नाही. तिनं तोंड उघडलं, पण आत काहीच सापडेना. पहिल्या खर्ड्यात वर्लिन होता का? का ओळ लंगडत होती म्हणून त्याला तिथं उभा केला? आठवायला जावं तर कवितेतलंच फाटक दिसायचं, कवितेतलंच पोर पळायचं.

"मला ठावं न्हाई, वर्लिन," ती म्हणाली. गावची बोली कधी तोंडात आली, तिचं तिलाच कळलं नाही.

"लिवलंस तर खरं!"

"लिवलं. पर दिसलं म्हनून लिवलं, का लिवलं म्हनून दिसतंय, त्येच उमगंना."

वर्लिननं टोपी चढवली. "चल, गाडीत बस."

बापाच्या गोठ्यापाशी त्यानं वळूचं ते फाटक लावलं आणि हलवून पाहिलं. रोज हलवत असणार. खांबाची तेवढीच जागा गुळगुळीत झाली होती. आर्डिसनं कडी काढून ढकललं. फाटक हलेना. ओढलं, तेव्हा बाहेर आलं.

"माझ्या कवितेत हे आत उघडतं," ती पुटपुटली.

"आदी आतच उघडायचं. म्या फिरवून बसवलं."

"कधी? बाबा जायच्या आधी का मागनं?"

वर्लिन कडीकडं बघत राहिला. "आदी... न्हाई, थांब," तो म्हणाला, आणि थांबूनच राहिला.