विरोधी पक्षाची खुर्ची

आमच्या सोसायटीत एकही ठराव कधी एकमताने मंजूर झाला नाही, याचं सगळं श्रेय एकाच माणसाला जातं. सगळ्यांचे हात वर गेले की दुसऱ्या मजल्यावरचे काका शांतपणे आपली प्लास्टिकची खुर्ची उचलायचे, हॉलच्या रिकाम्या बाजूला नेऊन ठेवायचे आणि तिच्यावर बसायचे. "सगळे हो म्हणणार असतील तर मीटिंग कशाला? चहा घरीही मिळतो." कर्वेनगरातल्या त्या हॉलमध्ये त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. ते विरोधी पक्ष. तोंडावरसुद्धा. त्यांना ते आवडायचं.

मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे त्यांचा सगळ्यात जास्त त्रास मला. त्यात माझा व्यवसाय लिफ्ट दुरुस्तीचा, म्हणजे यंत्रांशी माझं रोजचं भांडण. काका आयुष्यभर एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं सांभाळून निवृत्त झालेले. यंत्राला कुणी नावं ठेवली की त्यांना घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागायचं. लिफ्ट बंद पडली की माझ्याकडे बघून म्हणायचे, "सेक्रेटरीबाई, यंत्र बिघडत नाही. ते बिघडवावं लागतं."

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारची वादसभा ही त्यांचीच कल्पना. नियमही त्यांचाच. 'हो'वाले उजवीकडे, 'नाही'वाले डावीकडे, आणि बोलणं ऐकून मत बदललं तर आपली खुर्ची आपण उचलून पलीकडे जायचं. नुसता हात वर केलेला चालत नसे. "हात वर करायला काय लागतं? खुर्ची उचलली की सगळे बघतात. तेवढं बघू द्यायची तयारी असेल तरच मत बदला." कुत्र्यांपासून पार्किंगपर्यंत सगळे विषय झाले. काखेत पर्स आणि दोन्ही हातांत खुर्ची घेऊन हॉल ओलांडणाऱ्या बायका मी तिथेच पाहिल्या. काकांची स्वतःची खुर्ची मात्र एकदा टेकली की सभा संपेपर्यंत हलली नाही. कधीच नाही.

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये पडदा लावला होता. शेवटच्या काही मिनिटांत, एरवी पाण्याच्या टाकीवरून एकमेकांशी न बोलणारी माणसं हात धरून उभी होती. यान टेकलं आणि काका खुर्चीवर चढले. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि प्लास्टिकची खुर्ची! मी खाली बसून तिचे पाय धरले. ते वरून ओरडत होते, "बघा! ना डबा, ना संडास, ना परत आणायची चिंता! पोचलं की नाही?"

"काका, खाली उतरा," मी म्हणाले.

"उतरलंय ते! बघा ना!"

त्या दिवसापासून सोसायटीत दुसरा विषय नव्हता. आता पुढे माणूस पाठवायचा की यंत्रच पुरे? जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लिफ्टमध्ये, जिथे दोघं भेटतील तिथे तेच. तिसऱ्या मजल्यावरचा रोहन आयटीतला, तो माणसाच्या बाजूचा. काका त्याला म्हणाले, "तू घरून काम करतोस, ऑफिसलाही जात नाहीस, आणि माणसाला मंगळावर पाठवतोस?"

याच सुमाराला काकांच्या मुलीचे, केतकीचे, मला कॅनडाहून फोन यायला लागले. तिला मुलगी होऊन दीड वर्षं होत आली होती आणि आजोबा अजून गेले नव्हते. "ताई, तुम्ही तरी सांगा ना बाबांना. मला सुट्टी नाही, आणि ते तिकीटच काढू देत नाहीत." मी सांगून पाहिलं. उत्तर तयार होतं. "रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर बघतो की. दात आलेलेही दिसले. तिकडे जाऊन वेगळं काय दिसणार आहे?" काकू गेल्यापासून ते एकटेच राहत होते. मी विषय सोडला. प्रत्येकाच्या घरात डोकं घालायला मला वेळ नाही.

मग सभा ठरली. 'पुढे कोण जाणार, माणूस की यंत्र?' यंत्राची बाजू काकांची, हे उघडच होतं. माणसाच्या बाजूने माझं नाव त्यांनीच सुचवलं. "बाई रोज लोकांना वर पाठवतात. त्यांना अनुभव आहे." शेजारच्या सोसायट्यांतूनही माणसं आली. मांडववाल्याकडून जादा खुर्च्या आणाव्या लागल्या.

काका फारच छान बोलले. माणूस नेला की त्याच्याबरोबर हवा, पाणी, जेवण न्यावं लागतं. यंत्राला ऊन पुरतं. माणसाला परत आणावं लागतं. "आणि यंत्र गेलं तर दुसरं करता येतं. कुणाच्या घरी फोन करावा लागत नाही."  मग खुर्च्या उचलल्या जायला लागल्या. माझ्या बाजूची एकेक खुर्ची पलीकडे जाताना मी बघत होते. रोहनसुद्धा गेला.

मी माझ्या कामातलंच सांगितलं. कात्रजच्या एका इमारतीत लिफ्टचं पॅनल सगळं ठीक दाखवत होतं. मी स्वतः जाऊन दार उघडून आत डोकं घातलं, तर जळका वास. पॅनलला वास कुणी विचारलाच नव्हता, तर ते सांगणार कुठून? "यंत्र विचारलेलं सांगतं. न विचारलेलं लक्षात यायला माणूस जावा लागतो."

"माणूस न विचारलेलंच जास्त सांगतो," काका म्हणाले. "तोच तर वैताग आहे." मोठा हशा झाला. काही खुर्च्या तरीही माझ्याकडे परत आल्या.

शेवटी एकमेकांना एकेक प्रश्न विचारायची पद्धत होती. मी विचारलं, "काका, तुमचं यंत्र तुम्हाला रोज नात दाखवतं. तिला तुम्ही ओळखू येता का?"

काका कधी उत्तराला थांबले नव्हते. या वेळी त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"ती फोनला आबा म्हणते," ते म्हणाले. "चार्जिंगला लावलेल्या फोनलासुद्धा. परवा केतकीच्या हातून फोन पडला, तर 'आबा पडला' म्हणून रडली."

लोक हसले आणि मग हळूहळू हसायचे थांबले. काका उठले. स्वतःच्या खुर्चीकडे जरा वेळ बघत राहिले. मग ती उचलून हॉलच्या मधून चालत आले आणि माझ्या शेजारी ठेवून बसले. चंद्राच्या संध्याकाळी झाल्या होत्या तेवढ्या टाळ्या झाल्या.

"टाळ्या कसल्या वाजवता?" ते म्हणाले. "मुद्दा पटला, खुर्ची उचलली. नियम आहे तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. "व्हिसाला किती दिवस लागतात हो?"

निघायच्या दिवशी त्यांना विमानतळावर मीच सोडलं. घराची किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाले, "कुलपाला तेल घालत जा. आणि एक लक्षात ठेवा, मी मत अर्धंच बदललंय. मंगळावर अजूनही यंत्रच पाठवा. मंगळावर माझी नात नाही."

दोनेक आठवड्यांनी त्यांचा व्हॉइस मेसेज मोबाईलवर आला. "सेक्रेटरीबाई, पोचलो. पहिला आठवडाभर ती माझ्याकडे बघून फोन शोधत होती. आता मलाच आबा म्हणते. उचलून घेतली की भलती जड लागते. हे स्क्रीनवर दिसलं नव्हतं. नोंद घ्या."

सहा महिन्यांसाठी गेलेले काका मुक्काम वाढवत राहिले. गेल्या थंडीत केतकीचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. सगळं तिकडेच झालं. मी हॉलच्या फळ्यावर लिहिलं आणि कुलपाला तेल घालून आले.

मागच्या रविवारी पुन्हा तोच विषय ठेवला. आपला माणूस अंतराळ स्थानकावर राहून आला, आता आपल्याच यानातून आपली माणसं जाणार, म्हणून सगळे जोरात. एकूण एक खुर्ची माणसाच्या बाजूला. माझीही तिथेच. डावीकडे नुसती फरशी. रोहन म्हणाला, "मॅडम, एकमताने मंजूर लिहून टाका आणि चहा सांगा."

मी उठले, खुर्ची उचलली आणि डावीकडे नेऊन ठेवली.

"चहा घरीही मिळतो," मी म्हणाले. "माणसाला परत आणावं लागतं. त्याचं काय ठरलंय तुमचं? बोला."