शेरा : पेटीला झाकण नाही

आमच्या सूनबाईने एकोणीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन विजेचे मीटर वाचले. एवढ्या वर्षांत पोर जन्माला येऊन नोकरीला लागतं. आमच्या वॉर्डात अठराशे घरं. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा मोरीच्या दारामागे, आणि एका वकीलसाहेबांचा तर कपड्यांच्या कपाटाच्या पाठीशी. त्यांचे कोट बाजूला करून आकडा बघावा लागे. कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला न भुंकता पोटरी धरतो, हे तिला तोंडपाठ. गेल्या वर्षी नवे मीटर आले. ते आकडा स्वतःच कळवतात म्हणे. कंत्राटावरच्या बायकांना कंपनीने एका ओळीचं पत्र दिलं आणि घरी बसवलं. त्या पत्रात 'धन्यवाद' हा शब्दही नव्हता. मी दोनदा वाचलं.

तर ही सूनबाई यंदा नगरपरिषदेला उभी राहिली. अपक्ष. चिन्ह मिळालं कंगवा, आणि पत्रकं वाटायला कोण, तर मी! माझ्या डोक्यावर केस असे नाहीतच. पहिल्याच दिवशी नाक्यावरचा केशकर्तनवाला ओरडला, "आजोबा, आधी स्वतःचं बघा, मग लोकांना कंगवा दाखवा!" हसलो मी. विनोदाला कधी नाही म्हणू नये.

पण पुढे जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पहिलं दार उघडलं. आतल्या बाईंनी सूनबाईकडे पाहिलं, पाहिलं म्हणजे नजर फिरवली, आणि "मीटर तिकडे" म्हणून आत निघून गेल्या. आणि आमची सूनबाई? सरळ जिन्याखाली गेली, वाकली, आकडा पुटपुटली आणि फाटक लावून बाहेर आली!

मी म्हटलं, "अगं, नाव सांगितलंस का?"

"कुणाचं?"

"माझ्या आजोबांचं! अगं, तुझं! तू उमेदवार आहेस!"

तिने कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी मीच आधी ओरडलो, "ही निवडणुकीला उभी आहे!" त्या घरच्या गृहस्थाने पत्रक उलटंसुलटं करून विचारलं, "यात बिलाची तक्रार कुठे करायची?" एकोणीस वर्षं दर महिन्याला ज्यांच्या घरात गेली, त्यांच्यातल्या कुणीही तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. माझं डोकं असं तापलं म्हणता!

ती उभी का राहिली ते सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावरच्या दिव्यांची पेटी आहे, कमरेएवढी, लोखंडी. तिचं झाकण कधीच गेलं होतं आणि आतल्या तारा उघड्या होत्या. सूनबाईच्या वहीत शेऱ्याचा एक रकाना असे. त्यात ती दर महिन्याला लिही, 'गल्लीच्या तोंडाशी पेटीला झाकण नाही.' पाच वर्षं. म्हणजे साठ वेळा. कंपनी म्हणाली, पेटी नगरपरिषदेची. नगरपरिषद म्हणाली, शेरा कंपनीच्या वहीत, आमच्याकडे नोंद नाही.

मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. गुरुजी पाटीवर शेरा लिहायचे, 'अक्षर गिचमिड.' तो शेरा माझ्याबरोबर शेताच्या बांधावरून दोन मैल चालत घरी यायचा आणि दिवस मावळायच्या आत त्याची अंमलबजावणी माझ्या पाठीवर व्हायची. एक शेरा, एक दिवस! वाटेत पुसून टाकावा तर गुरुजी दुसऱ्या दिवशी विचारायचे, "वडील काय म्हणाले?" तोही प्रयोग करून पाहिला होता, त्याचीही अंमलबजावणी झाली. आणि इथे साठ शेरे कुणी वाचलेच नाहीत!

मग दीड वर्षापूर्वी इस्त्रीवाल्याची बायको कपड्यांचं गाठोडं घेऊन येत होती. रस्ता कुणीतरी धुतलेला, पाय सरकला, आधाराला हात गेला तो पेटीत. जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं आता मिटत नाहीत. त्या हाताने ती कॉलरला अशी इस्त्री करायची की शर्ट घालायला जीव होत नसे. नगरपरिषदेच्या अहवालात कारण काय लिहिलं? 'पादचाऱ्याची बेपर्वाई.'

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक आहेत, त्यांना सगळे फीतवाले म्हणतात. दहा वर्षांत त्यांनी एक फीत न कापता सोडलेली नाही. ते दवाखान्यात फुलं घेऊन आले, फोटो काढला आणि गेले. फुलं मात्र खाटेवर राहिली, एवढं त्यांचं मोठेपण.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात सगळ्या उमेदवारांनी आपली ओळख करून द्यायची होती. प्रत्येकी तीन मिनिटं. अध्यक्षस्थानी निवृत्त हेडमास्तर, पुढ्यात घंटा. फीतवाले पंचवीस मिनिटं बोलले. घंटा गप्प. सूनबाई उठली तर हेडमास्तर म्हणाले, "ताई, जरा आटोपतं घ्या, हॉल रिकामा करायचाय." मी खुर्चीतून उठणारच होतो, चिरंजीवांनी सदरा धरून खाली बसवलं.

चिरंजीवांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला भाषण लिहून दिलं होतं, 'समाजसेवेची लहानपणापासून आवड' वगैरे. तिने कागदाकडे बघितलं आणि घडी घातली.

"मी बारावी शिकलेय," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांच्या घरात येऊन गेलेय. मला ओळखत नसाल तर राहू दे. गल्लीच्या तोंडाची पेटी तरी ओळखता का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, आमचं बिल दुप्पट यायचं, ते तुम्हीच का?"

"आकडा माझा, दादा. बिल त्यांचं." लोक हसले. ती हसली नाही. "साठ वेळा लिहून दिलं. आता एकसष्टाव्यांदा तोंडी सांगते. पेटीला झाकण नाही."

फीतवाले जागेवरूनच गोड आवाजात म्हणाले, "अहो ताई, एका झाकणासाठी निवडणूक? मला एक फोन करायचा!"

"अकरा केले. दर वेळी सांगितलं, साहेब उद्घाटनाला गेलेत."

आणि घंटा वाजली! पंचवीस मिनिटं जिची दातखीळ बसली होती, ती घंटा बरोब्बर तेव्हा वाजली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता नगरपरिषदेची गाडी आली. दोन कामगार उतरले आणि झाकण बसलं. मी घड्याळात पाहिलं, चौदा मिनिटं लागली. वर पाटीही लावली, फीतवाल्यांच्या नावाची, 'यांच्या अथक प्रयत्नांतून.' सगळी गल्ली जमली. फीतवाल्यांचा माणूस सूनबाईपाशी आला आणि म्हणाला, "ताई, तुमचं काम झालं. आता मोठ्या मनाने साहेबांना पाठिंबा जाहीर करून टाका."

आमचे चिरंजीवही म्हणाले, "खरंय. आता बोलायला मुद्दा काय उरला? लोक विचारतील, उभी कशाला?"

सूनबाईने माझ्या पिशवीतल्या पत्रकांकडे पाहिलं. पत्रकांवर तिने एवढं एकच लिहिलं होतं, आणि ते तर झालं होतं. मग, सवयीने म्हणा, ती वाकून झाकण बघायला लागली. कडा गंजलेल्या होत्या.

"दादा, हे नवं नाही का?"

कामगार पाने-पक्कड पिशवीत भरत होता. सरळ माणूस बिचारा. "नवं कुठलं? गोदामात पडलेत ना पन्नासेक. चार वर्षं झाली येऊन. वरून चिठ्ठी आली की एक काढायचं."

इस्त्रीवाल्याची बायको माझ्या शेजारीच उभी होती. तिने हळूच विचारलं, "चार वर्षं?"

"हो, जास्तच असतील."

"मला लागलं त्याला तर दीडच झालं."

फीतवाल्यांच्या माणसाला तेवढ्यात फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं. माझ्या मनात आलेल्या शिव्या इथे लिहिता येत नाहीत. गावच्या शाळेत त्या मात्र मी पहिल्या नंबराने शिकलो होतो. पाटी स्वतःच्या नावाची लावायला सवड होती, आणि चिठ्ठी लिहायला चार वर्षं सवड नव्हती!

चिरंजीवांनी एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा त्या बाईच्या हाताकडे. मग बायकोला म्हणाले, "मी चुकलो. तू काही जाहीर-बिहीर करू नकोस."

इस्त्रीवाल्याच्या बायकोने डावा हात माझ्या पिशवीत घालून पत्रकांचा गठ्ठा उचलला. "वहिनी, पलीकडच्या गल्लीत तुमच्याऐवजी मी बोलते."

"तुमची इस्त्री?"

"राहू दे आज लोकांना चुरगळलेलं."

पलीकडच्या गल्लीतल्या पहिल्या घराचं दार एका जाडजूड गृहस्थाने उघडलं. काय पाहिजे, असं तो विचारतोय तेवढ्यात तिने न मिटणारा हात त्याच्यासमोर धरला. "हे झालं तेव्हा झाकण गोदामात होतं. या बाई पाच वर्षं सांगत होत्या. तुमच्या गल्लीतल्या पेटीला झाकण आहे का? आधी जाऊन बघा, मग मत कुणाला ते बोलू."

गृहस्थाने पायात चपला सरकवल्या आणि बघायला गेला. ती, सूनबाई आणि मी, आम्ही तिघं त्याच्या दारात थांबलो.