भाऊजींच्या सुपातलं पाखरू

घरातली एखादी वस्तू ज्या कामासाठी जन्माला आली तेच काम करत म्हातारी होईल, याची खात्री मुर्री गावातल्या आमच्या भाऊजींच्या घरात कोणीच देऊ शकत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोटासाठी पाण्याचे पंप दुरुस्त करतात, पण जीव सगळा व्हिडिओ गेममध्ये, आणि तोही बाजारातल्या रिमोटने खेळणं त्यांना कमीपणाचं वाटतं. कुकरचं झाकण हे त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग. एकदा चार वांग्यांना तारा खुपसून त्यांनी वर, खाली, डावं, उजवं अशी बटणं केली होती. ताईने नेमकं डावं वांगं भाजीत चिरलं, आणि टीव्हीवरची गाडी दिवसभर उजवीकडेच वळत राहिली. जेवायच्या पाटाखालीही काहीतरी बसवलेलं होतं. एकदा जेवायला आलेले व्याही भाताकडे वाकले की समोर टीव्हीवर मोटारसायकल सुटायची. बिचारे दुसऱ्यांदा भात न घेताच उठले. "हे कायले करता जी?" मी विचारायचो. "सालेसाहब, वस्तूले एकच काम देनं म्हंजे तिचा अपमान आहे," ते म्हणायचे. मी चारचौघांत त्यांची नक्कल करून भरपूर हशा मिळवला आहे, हे कबूल केलेलं बरं.

मग ताईला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला. रोज हलवला तर येईल, नाहीतर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण रबरी चेंडू पुढे केला की ताई "मी का लेकरू आहो?" म्हणून भिंतीकडे तोंड फिरवायची. मी गोडीने सांगितलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. पंधरा दिवसांनी गेलो, तर भाऊजी सुपाला तारा जोडत बसलेले. सूप उचललं की टीव्हीवरचं पाखरू उडणार, हात थांबला की पडणार, आणि जितका वेळ उडेल तितके गुण. माझं डोकंच फिरलं. "तिचा हात जाऊन राहिला अन् तुमाले खेळ सुचते?" भाऊजी तारा जोडतच राहिले.

सूप तयार झालं, पण एक घोडचूक झाली. त्यांनी ते ताईच्या मांडीवर ठेवलं ते रिकामं. लग्न होऊन आल्यापासून या घरचे तांदूळ पाखडणारी ताई कडाडली, "रिकामं सूप कोनी पाखडते का जी? घरात दाना नाही का?" कितीतरी दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला. भाऊजींनी मुकाट्याने ओंजळभर तांदूळ टाकले. ताईने डाव्या हाताने उजवा हात उचलून सुपाला लावला, जोर केला, आणि पाखरू वीतभर उडून आपटलं. तांदूळ सगळे भुईवर. भाऊजी ते वेचत होते आणि एकीकडे डोळे पुसत होते. त्या दिवशी मला माझ्या नकलांची लाज वाटली.

त्यानंतर रोज संध्याकाळी खेळ. तारांत कोंडा शिरून सूप सारखं बिघडायचं आणि भाऊजी ब्रशने ते साफ करत बसायचे. सहा महिन्यांत हात खांद्यापर्यंत वर जाऊ लागला. बोटं मात्र अजून वळत नाहीत. ताईची वेणी आता भाऊजीच घालतात, आणि ती वाकडीच येते.

परवा गेलो तेव्हा भाऊजी आत चहा करत होते आणि ताई खेळत होती. पाखरू पडायचं नावच घेईना. मी शाबासकी दिली, तशी ती आत भाऊजींकडे बघत हळूच म्हणाली, "आता ते पडतच नाही, भाऊ. यायनं खेळ सोपा करून ठेवला. मले मालूम आहे."

"मंग सांगत काऊन नाही?"

"हात आता इतकाच राहीन, हे मले समजलं. यायले नाही समजलं अजून." तिने सूप सावरलं. "खेळून राहिली मी, यायच्यासाठी."



आतून भाऊजींनी ओरडून विचारलं, "कितीक झाले?"

"वाढले जी," ताई म्हणाली, "कालच्याहून वाढले."