खिडकीवर राहिलेली पावती

या गं, जरा पुढे सरकून बसा. रोज सकाळी या ग्रुपवर येता, भुताखेताचं वाचता, अंगठा टाकता आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून पळता... तीन महिने मी इथे एक अक्षर टाकलं नाही, एकीने तरी विचारलं का, मावशी जिवंत आहेस का म्हणून? असू दे. रागावले नाही. पण आज सांगते ते उभ्याउभ्या वाचायचं नाही.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आमचं गाव बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. या रस्त्यावर प्रत्येकाने काही ना काही बघितलेलं आहे. कोणी पुलावर बाई बघितली, कोणी वडाखाली म्हातारा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून याच रस्त्याने भाताचे भारे डोक्यावर घेऊन गेले-आले, मला कोणी हाकसुद्धा मारली नाही. अमावस्या, आमची अवस, मात्र मी पाळते. अवसेला नवं काम काढायचं नाही, आमच्या घरात कोणी कधी काढलं नाही. पण ते शास्त्र. त्याचा आणि भुताचा काय संबंध... असं मी समजत होते.

आता घरात कोण ते सांगते, म्हणजे मध्येच विचारायला नको. माझा मुलगा संतोष, अंबरनाथला एमआयडीसीत कामाला. त्याची मुलगी मनाली, आमची मनू, या वर्षी सातवी झाली. आणि संतोषची बायको सुरेखा... ती गेल्या वर्षी श्रावणात गेली. ताप आला, आठ दिवसांत संपलं.

सुरेखा घरी जीन्सचं काम करायची. उल्हासनगर कॅम्पातून टेम्पो येतो, दारोदार पँटींचे गठ्ठे टाकतो. शिलाईचे सुटलेले धागे छोट्या कात्रीने कापून, घड्या घालून परत द्यायच्या. आमच्या गावात निम्म्या बायका हेच करतात. त्या कापडाचा निळा रंग बोटांना लागतो तो लागतोच, साबणाने जात नाही. मनू कधी मदतीला बसली की सुरेखा तिच्या हातावर चापट मारायची. "हात लावायचा नाय. तुझी बोटं पांढरीच राहिली पायजेत. निळ्या बोटांनी पुस्तक मळतं."

आणि ऐका, मी लिहिते-वाचते ती कोणामुळे? मनू पहिलीला गेली तेव्हा तिची पाटी घेऊन आम्ही सासू-सून शिकलो. दुपारी भांडी झाली की ओट्याशी बसायचं. मनू गुरुजी! मला म्हणायची, "आजी, तुझा 'म' झोपलाय, त्याला उठव." सुरेखाला म्हणायची, "आई, हळू लिही, वही फाटेल." कारण सुरेखा पेन असं दाबायची की कागदाच्या मागच्या बाजूने अक्षरं वर यायची. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळायचं, ही सुरेखाची सही. एकाच पाटीवर शिकलो म्हणून आमची दोघींची अक्षरं मात्र सारखीच. हे लक्षात ठेवा.

गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी बदलापूरला कुळगावातली मोठी शाळा बघितली होती. जागा थोड्या, फॉर्म कागदावर भरून खिडकीत द्यायचा, ते पावती फाडून देतात. संतोषने आठ दिवस आधी फॉर्म भरला, कागद जोडले, सुरेखाच्या मृत्यूचा दाखलाही जोडला. मनू सुट्टीला वांगणीला मामाकडे. शेवटच्या दिवशी संतोष पहाटे कामावर निघताना म्हणाला, "आये, आज लास्ट डेट हाय. आठवणीने देऊन ये. मला सुट्टी नाय."

"देते रे. फॉर्म द्यायला काय डिग्री लागते?"

तो गेला आणि माझं लक्ष कालनिर्णयाकडे... म्हणजे भिंतीवरच्या पंचांगाकडे गेलं. अवस. दुपारी साडेतीनपर्यंत.

आता तुम्ही सांगा, पोरीचं आयुष्य ज्या कागदावर, तो अवसेला द्यायचा? शाळेची खिडकी पाचपर्यंत उघडी. साडेतीनला निघाले तरी चारला पोचते. मी फॉर्मच्या कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लावली, देव्हाऱ्यात ठेवला, वर नारळ ठेवला. आणि जेवून जरा आडवी झाले.

उठले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. लुगडं नीट केलं, चपला दाराशी काढून ठेवल्या, देव्हाऱ्याशी गेले. नारळ होता. खाली फॉर्म नव्हता.

आधी वाटलं वाऱ्याने गेला. पण नारळाखालचा कागद वाऱ्याने कसा जाईल? गाद्या उचलल्या, पिठाचा डबासुद्धा बघितला. वेडं माणूस कुठेही बघतं. संतोषला फोन लावला, कंपनीत फोन बाहेर जमा करून घेतात, उचलणार कोण. शेजारच्या ताराबाईला विचारलं, ती म्हणाली, "मी दारातच बसलेय दुपारपासून, गो. तुमच्या घरात कोण गेला नाय, कोण आला नाय." शोधता शोधता पाच वाजले.

संतोष घरी आला. बूट काढायच्या आधी विचारलं, "दिलास ना?"

आणि मी म्हटलं, "हो. दिला."

का म्हटलं? काय सांगू... त्याचा चेहरा बघितला. सुरेखा गेल्यापासून त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हलकं दिसत होतं. म्हटलं, उद्या जाऊन पाया पडेन, दुसरा फॉर्म मागेन. "पावती?" म्हणाला. म्हटलं, "ठेवलीय रे, पळते का कुठे."

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी मी खिडकीपाशी. आत एक चष्मेवाली बाई बसते. मी हात जोडले आणि रडायलाच लागले. मनूचं नाव सांगितलं, म्हटलं, काल राहून गेलं, म्हातारीची चूक पोरीला लावू नका.

तिने गठ्ठा चाळला. "मावशी, रडताय कशाला? फॉर्म आलाय की. हा बघा." दुरूनच दाखवला. कोपऱ्याला माझ्या बोटाची हळद! "उलट मीच तुमची वाट बघत होते. पावती इथेच सोडून गेली ती."

"कोण?"

"तुमच्याकडचीच असेल ना. डोक्यावर पदर घेतलेली. खिडकी बंद करतच होते, तेव्हा आली. बोलली काहीच नाही. मी पावती लिहीपर्यंत वळून चालायला लागली. मी ओरडले, ओ ताई, पावती! बघितलंसुद्धा नाही." मग हसली. "बोटं निळी होती तिची. मला वाटलं शाई सांडली की काय."

मी पावती घेतली. घडी करून कमरेला खोचली. पण मनाला समजावलं... निळ्या बोटांच्या बाया या भागात शंभर आहेत. गावातल्याच कोणीतरी नेऊन दिला असेल. घरी येताना दारोदार विचारलं. प्रत्येकीने मान हलवली. एक तर म्हणाली, "मावशी, अवसेच्या दिवशी तुमच्या देव्हाऱ्याला हात लावायला मी काय येडी हाय?"

आणि अजून एक गोष्ट मला आठवत होती, पण मी ती आठवायची नाही असं ठरवलं होतं. सुरेखाची खोड. दुकानातून वस्तू घ्यायची आणि पिशवी तिथेच विसरून यायची. कॅम्पातले सिंधी दुकानदार हाका मारत मागे यायचे, "ओ भाभी, सामान तो ले जाओ!" आयुष्यभर तिचं काहीतरी खिडकीवर राहिलेलंच.

तरी मी खूश होते, खोटं कशाला बोलू. फॉर्म पोचला ना? कोणी का पोचवेना. मनू वांगणीहून आली तिला पावती दाखवली. तिने ती वहीत जपून ठेवली.

यादी लागली. मनूचं नाव नाही. पहिल्या यादीत नाही, दुसऱ्या यादीत नाही. संतोष म्हणाला, चल, विचारू. मनूही हट्टाने आली.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, फॉर्म टेबलावर ठेवला. त्या वाईट नव्हत्या हो, हळूच बोलल्या. "पालकाची सही कोणाची आहे ही?"

संतोषने फॉर्म जवळ ओढून बघितला. सही करायची जागा तो रिकामी सोडून गेला होता, विसरला होता. मला तर ते माहीतही नव्हतं. तिथे सही होती. सुरेखा संतोष, आणि खाली ती नेहमी ओढायची तशी वाकडी रेघ.

"आईची सही," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि मागे आईच्याच मृत्यूचा दाखला. सांगा, मी काय करू? खोट्या सहीचा फॉर्म आम्हाला बाद करावाच लागतो. रिकामी असती तरी बोलावून घेतली असती. आता जागा भरल्या."

ऐकलंत? रिकामी असती तर चाललं असतं.

बाहेर आल्यावर संतोष माझ्याकडे बघेना. फाटकापाशी थांबला. "आये, तू केलीस ना सही? तुझं आणि तिचं अक्षर एक हाय. तूच म्हणालीस, मी दिला."

मी सगळं सांगितलं. अवस, देव्हारा, खिडकीतली बाई, सगळं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा दगड होत होता. "म्हणजे तेव्हा खोटं बोललीस, आणि आता हे?" म्हणाला. "तिचं नाव तरी मधे आणू नको."

मी त्याला पुन्हा खिडकीशी नेलं, त्या चष्मेवालीला विचार म्हटलं. ती आता घाबरली होती, तिच्यावर नको यायला. म्हणाली, "रोज इतके लोक येतात, मला नीट आठवत नाही." काय करणार. मी खोटं बोलले तेव्हा माझ्या मुलाने लगेच विश्वास ठेवला. खरं सांगितलं ते आजपर्यंत त्याला पटलेलं नाही.

 मनूने मोठ्या बाईंनी परत दिलेला तो बाद फॉर्म हातात घेतला, उलटा केला आणि डोळे मिटून मागून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. माझ्या सहीला उठाव येत नाही, माझ्या बोटांत तेवढा जोर राहिलेलाच नाही. पण बापाला हे सांगायचं धाडस तिचं होईना, आणि सांगून तो ऐकणार नाही.

दुसऱ्या दोन शाळांत गेलो. जागा नाही. एक मिळत होती, ती लांब, दोन रिक्षा बदलून. संतोष एकटीला पाठवायला तयार नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला. पुढच्या वर्षीचं तुम्हाला मी सांगायला नको. या गावात किती पोरींचं पुढचं वर्ष आलं ते मी मोजलेलं आहे.

शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात टेम्पो आला, गठ्ठा टाकून गेला. मी आत होते. बाहेर आले तर मनू ओट्यावर बसून धागे कापत होती. मी म्हटलं, "ठेव ती कात्री." ती म्हणाली, "आजी, नुसतं बसून काय करू?"  आता तिची नखं कडेने निळी व्हायला लागली आहेत.

कोण गेलं होतं खिडकीपाशी? मला माहीत नाही. माझ्याकडे खुलासा नाही, आणि आता मला तो नकोही. एकच विचार डोक्यातून जात नाही. मी अवस धरून बसले, म्हणून तिला उठून यावं लागलं का? आणि ती बिचारी आली, दिला फॉर्म, रिकामी जागा बघून सहीही केली... तिला काय माहीत, तिची सही आता चालत नाही ते. हे तिला कोणी सांगितलं असेल? की ती अजून समजून आहे, मनू शाळेत जाते?

म्हणून म्हणते, बायांनो, एकदा घरी या. बारवी रस्त्याच्या रिक्षात बसा आणि दारात पँटींचे गठ्ठे पडलेल्या घरांपाशी उतरा, माझं नाव कोणीही सांगेल. चहा करते, तांदळाची भाकरी करते. तो कागद मी तुमच्या हातात देईन, मागून बोट फिरवून तुम्हीच सांगा ही सही माझी आहे का. संतोषला सांगायला कोणीतरी दुसरं माणूस पाहिजे. पण लवकर या. मनू रोज गठ्ठा संपला की हात धुते, आणि त्या सहीवर मागून बोट फिरवत बसते... फिरवून फिरवून उठाव सपाट होत चाललाय.