नैऋत्य कोपऱ्यातले कुलर

अकोल्यात कुलरचा धंदा करणाऱ्या ओमप्रकाश शेठनं प्रियदर्शनीच्या बापाला भर उन्हात गोदामाच्या गेटवर उभं केलं, तेव्हा ती शाळेत होती. घरी आली तर बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले आणि त्यांचा जेवणाचा डबा झाकणाविना दारात. तो डबा शेठनं सगळ्या हमालांसमोर उघडायला लावला होता आणि भाजी-भाकरी जमिनीवर उपडी केली होती. कुलरच्या पंपांचं एक खोकं गायब झालं होतं. गोदामाच्या किल्ल्या बाबांकडे, म्हणजे जानरावांकडे, म्हणून चोर जानराव. चौकशी म्हणाल तर एवढीच.

पुढच्या हंगामात माल निघाला तेव्हा ते खोकं थप्पीच्या मागेच सापडलं. कुणीतरी आधी ठेवलं होतं आणि त्याच्यापुढे कुलर रचत गेले होते. सगळ्या गोदामाला कळलं. शेठ म्हणाला, "आता काहून तो विषय काढता?" आणि विषय संपला, म्हणजे शेठचा संपला. जानरावांनी अकोला सोडलं, बडनेऱ्याला बिऱ्हाड हलवलं आणि जंक्शनबाहेर सायकलींचे पंक्चर काढायला बसले. भुसावळकडे जायची वेळ आलीच, तर अकोला स्टेशन येताना ते डब्यातल्या खिडकीची झडप खाली ओढून घेत. पोरगी शेजारी बसून ते बघायची. बापाची मान खाली गेलेली तिला सहन व्हायची नाही, आणि राग कुणावर काढायचा हे तिला तेव्हापासून पक्कं ठाऊक होतं.

ती अमरावतीला पॉलिटेक्निक शिकली, चाकणला मोठ्या गोदामांत काम केलं, आणि अकोल्याच्या शेखरभाऊंनी हायवेवर नवं गोदाम बांधायला घेतलं तेव्हा रॅकची आखणी करायला परत आली. बडनेऱ्याहून रोज गाडीनं येणं-जाणं. समोरच्या भागात तिनं साधे रॅक लावले. त्यातला हवा तो माल हवा तेव्हा काढता यायचा. मागच्या भागात मात्र दाटीचे रॅक. लांब, अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, फोर्कलिफ्ट थेट गल्लीच्या पोटात शिरणार आणि माल रचलेल्या लाकडी फळ्या, म्हणजे पॅलेटं, एकापुढे एक लावत मागे मागे येणार. जागा जवळपास निम्मी वाचते. अडचण एकच, गल्लीला तोंड एकच. एका दाराच्या भरलेल्या एसटीत जो पहिला चढून पार मागच्या बाकावर बसला, तो पुढची गर्दी उतरल्याशिवाय हलत नाही, तसंच. म्हणून तिनं प्रत्येक गल्लीच्या तोंडावर पेंटरकडून ठसठशीत लिहून घेतलं होतं: आधी आत, शेवटी बाहेर.

दसऱ्याला गोदामाचा मुहूर्त होता आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून कडक इस्त्रीत कोण उगवावं? ओमप्रकाश शेठ. सोबत कुलरचे ट्रक आणि नारळांचं पोतं. प्रियदर्शनीनं त्याला लगेच ओळखलं. त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा, हमालांची लेकरं शेठांना दिसतात कुठं?

"मॅडम, पहिलं पॅलेट माह्यंच राहीन," तो म्हणाला. "मुहूर्ताचा मान आपला. आन् जड माल नैऋत्य कोपऱ्यातच लागला पाह्यजे. वास्तूचं पक्कं पाहतो मी."

नैऋत्य कोपरा म्हणजे पहिल्या गल्लीचं पार शेवटचं टोक. कुलरसाठी तिनं समोरचे साधे रॅक राखून ठेवले होते, कारण उन्हाळा लागला की रोज माल निघणार. तेच सांगायला तिनं तोंड उघडलं. मग तिला दारातला तो बिनझाकणाचा डबा आठवला, आणि तिनं तोंड मिटलं.

"जशी तुमची इच्छा, शेठ," ती म्हणाली. "ललित, घे आत. पार शेवटपर्यंत."

फोर्कलिफ्टवाल्या ललितनं एकदा तिच्याकडे, एकदा पाटीकडे पाहिलं आणि गाडी आत घातली. शेठनं नारळ फोडला, पॅलेटवर हळदीकुंकू वाहिलं आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढून घेतला. फोटोत त्याच्या डोक्यावर ती पाटी अशी काही झळकत होती की बघणाऱ्याला वाटावं मुद्दाम खाली उभा राहिला आहे. त्या दिवशी परतीच्या गाडीत प्रियदर्शनी एकटीच हसत होती. हसणं बरं होतं का? नसेल. पण तिला मनापासून आनंद झाला होता.

शेठच्या मालानं अर्धीच गल्ली भरली. एका गल्लीत एकाचाच माल ठेवायचा, हे तिचंच तत्त्व. पण फेब्रुवारीत अकोटच्या एका व्यापाऱ्याचं खत आलं, जे पेरणीच्या तोंडावरच हलणार होतं, आणि तिनं ते शेठच्या कुलरांपुढे नेऊन लावलं, खालपासून वरपर्यंत, तोंड बंद होईस्तोवर. दुसऱ्या गल्ल्या रिकाम्या होत्या. ती काही साळसूद नव्हती आणि तसा आवही तिनं आणला नाही.

"मॅडम, हे मुद्दाम करून राहिल्या न तुमी?" ललितनं विचारलं.

"हो," ती म्हणाली. त्यानं खताचं पुढचं पॅलेट उचललं.

मग अकोल्याचा उन्हाळा आला. दुपारी रस्ते ओस पडायला लागले, दुकानादुकानांतून कुलर संपले, आणि शेठचा माणूस ट्रक घेऊन रिकामाच परत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेखरभाऊंचा फोन आला, "तो शेठ डोकं खाऊन राहिला माह्यं. काही जमते का?" एक रिकामी गल्ली हाताशी होती, खत तिकडे हलवलं तर दिवसभरात कुलर मोकळे झाले असते. ती म्हणाली, "जमते. शेठले सोता पाठवा."

आणि तिनं बाबांना फोन करून गोदामावर बोलावलं. जानराव म्हणाले, "येतो."

ते आले, धुतलेला पांढरा सदरा घालून. स्टेशनापासून ऑटोनं येताना त्यांचे ओठ सुकून गेले होते. प्रियदर्शनीनं त्यांना आपल्या खुर्चीवर, गेटजवळच्या सावलीत बसवलं. शेठ गाडीतून उतरला तो ओरडतच. पण माल हलत असताना गेटच्या आत यायचं नाही हा गोदामाचा नियम, आणि नियम तिनंच केलेला. शेठ बाहेर उन्हात उभा राहिला. टक्कल तापलं, सदरा पाठीला चिकटला. हमाल कामं टाकून गोळा झाले.

"हंगाम चालला माह्या हातातून!" शेठ खेकसला. "काय पाह्यजे तुमाले?"

"हे माहे बाबा," प्रियदर्शनी खुर्चीकडे हात करून म्हणाली. "तुमच्या गोदामात होते. तुमी त्याईले चोर म्हणून गेटवर उभं केलं, डबा उपडा केला. खोकं तर थप्पीमागंच सापडलं होतं. ते आज इथं, सगळ्यांसमोर बोला. मी आत्ता गल्ली खाली करतो."

शेठनं खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. कपाळाचा घाम पुसला. धंद्यातला माणूस तो. घासाघीस कुठं करायची नाही हे त्याला कळत होतं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "चुकलंच माह्यं. तुमी चोर नोयते. माफ करा, देवराव."

हमालांतलं कुणीतरी खोकलं. जानराव खुर्चीतून सावकाश उठले.

"देवराव गेला, शेठ. दोन वर्सं झाले," ते म्हणाले. "मी जानराव. मह्या आधी तुमी गोदामातून त्याले बी चोर ठरवून हाकललं होतं. त्याचा बी डबा उघडला होता का?"

शेठचे जोडलेले हात तसेच राहिले. "तेच ते," तो पुटपुटला. "नाव काही बी असो, माफी मागितली न?"

प्रियदर्शनीला वाटलं होतं, आज छातीवरचा धोंडा उतरेल. उलट त्याच्यावर दुसरा येऊन बसला. तिनं वळून ललितला हाक मारली, "गाडी बंद कर. चावी मह्याजवळ दे." ललित पटकन उतरला, जणू वाटच बघत होता.

"बाबा, देवरावकाकाची बायको कुठं असते आता?"

"पार्बताबाई? इथंच, अकोल्यात. काहून?"

"तिलेही बोलावू," चावी मुठीत घट्ट धरून ती म्हणाली. "नाव नीट पाठ करून या, शेठ. कुलर काही कुठं जात नाई."