पाणी लागलं!

चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत मी तीन वर्षं पंपावर होतो. पंपावर म्हणजे पंपाशेजारी. खाणीत सगळीकडून पाझरणारं पाणी कडेच्या चरांतून वाहत तळच्या खड्ड्यात जमायचं आणि पंप ते ओढून वर नाल्यात सोडायचा. नळाच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेला गाळ हाताने काढायचा, हे माझं काम. 'पाणी लागलं!' अशी आरोळी आली की फट लहान असेल तर चिखल नि गोणपाट ठासून बुजवायची, मोठी असेल तर पळायचं. मला दोन्ही यायचं, दुसरं जास्त चांगलं.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत परतल्यावर मात्र खाणीतलं सगळं पाणी माझ्याच हुकमाने चालायचं, असं मी सांगत सुटलो. भोरच्या बाजारात अनोळखी माणसांनाही धरून सांगितलं. त्यामुळे वाडीत विहीर खणायचं ठरलं तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "तू पान्यातला मानूस. तूच तळाला उतर." नाही म्हणायला मी तोंड ठेवलं नव्हतं.

विहीर हवीच होती. बायका ओढ्यावरून घागरी घेऊन अर्धा डोंगर चढायच्या. माझ्या बायकोला सातवा महिना होता, तरी तिच्या डोक्यावरच्या दोन घागरींची एक झाली नव्हती. ती रोज घागरी घरात ठेवून विहिरीच्या काठावर यायची, खाली वाकून बघायची आणि परत जायची. मला लाज वाटायची, म्हणून मी वर बघतच नसे.

तीन आठवडे कातळ फोडल्यावर एका दुपारी माझ्याशेजारी तळाला खणणाऱ्या भावाची पहार फटीत घुसली आणि करंगळीएवढी धार उडाली.

"पाणी लागलं!" भाऊ ओरडला.

पुढचं सगळं माझ्या हातांनी केलं, डोक्याचा त्यात काही संबंध नव्हता. मी मुंडासं ओढलं, चिखलात बुडवलं, फटीत गच्च ठासलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो.

"झालं बंद! भिऊ नका!"

भावाने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "आरं गाढवा, तीन आठवडं कशापायी खनतुया आपन?"

मुंडासं काढायला गेलो तर निघेना. एवढं एकच काम आयुष्यात चोख शिकलो होतो. चिंध्या करून ओढलं, तर मागून नुसता चिखल आला. धार गेली होती. मला रडू फुटलं, आणि वरून बायको बघत होती. भावाने मला बाजूला ढकलून पहारीने फट उकरत नेली, तेव्हा कुठे आधी गढूळ पाझर आणि मग धार परत आली. वर कुणीतरी नारळ फोडला.

संध्याकाळी बायको नव्या पाण्यात माझ्या मुंडाशाच्या चिंध्या धूत बसली होती. तिला हसवावं म्हणून मी पंपाची गोष्ट काढली, नाल्यात केवढा लोंढा पडायचा ते हात पसरून दाखवलं. हजारदा ऐकलेली गोष्ट, पण या वेळी तिचे हात थांबले.

"म्हंजी मी हितं डोंगर चढत व्हते, तवा तुमी तिथं पानी फेकून देत व्हता?"

"व्हय," मी म्हणालो.

वाडीत बाप्यांनी पाणी भरायची रीत नव्हती. मी उठलो, रिकामी घागर उचलली आणि विहिरीकडे निघालो.